डावाचा निकाल

मालेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर उभे राहते, आणि वऱ्हाडातल्या आमच्या मालेगावाला 'जहांगीर' ही जोड लावून व वाशीम जिल्ह्याचा हवाला देऊन आपली ओळख पटवावी लागते. अकोल्याहून वाशीमकडे उतरणारा रस्ता आणि मेहकराहून कारंज्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना भेटतात तेथे हे गाव वसलेले असल्यामुळे, थांबणे, वाट पाहणे आणि वाट पाहता पाहता वाद घालणे या तिन्ही कला येथे पूर्वापार रुजलेल्या आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि दूरच्या पल्ल्याच्या मोटारी गावाला न शिवता जाऊ लागल्या. वाद मात्र गावातच राहिले, आणि त्यांतला एक, जो मी श्रावणातल्या एका झडीच्या दुपारी समक्ष ऐकला, तो मला लिहून ठेवण्याजोगा वाटला.

वादी आणि प्रतिवादी दोघेही सेवानिवृत्त. नानासाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडले. गुरुजींनी हयातभर शाळेत संस्कृत शिकविले. नानासाहेबांच्या माडीवर एक सागवानी कपाट आहे, ज्यात पूर्वी जमीन महसुलाच्या संहिता आणि परिपत्रकांच्या फायली असत. आता तेथे खेळांच्या डब्यांची चळत आहे. आजोळहून आलेला कापडी सारीपाट, कडा झिजलेला 'व्यापार', बुद्धिबळाचे दोन संच, आणि पुण्याला नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी वेळोवेळी आणलेले जर्मन व अमेरिकन पटांचे जाडजूड खोके. रविवारी दुपारी घरातली सर्व माणसे एका पटाभोवती बसतात, आणि इतर दिवशी, रात्रीची जेवणे उरकल्यावर, नानासाहेब एकटेच पट मांडून खेळतात. या दुसऱ्या गोष्टीची वार्ता गावात पसरल्यापासून गुरुजी अस्वस्थ होते. त्या दिवशी पावसाने डवरणी बंद पडलेली, रस्ते ओस, आणि गुरुजी छत्री झटकीत माडी चढून आले ते थेट विषयावरच.

"नानासाहेब," ते म्हणाले, "ज्या वयात मनुष्याने विषयांपासून हळूहळू निवृत्त व्हावे, त्या वयात आपण फासे खुळखुळवीत बसता हे ऐकून मला खेद झाला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त आपण वाचले असेल. घरदार गमावून बसलेल्या जुगाऱ्याचा तो विलाप तीन हजार वर्षांनंतरही अंगावर काटा आणतो. नळाचे राज्य फाशांनी गेले, धर्मराजाचे गेले. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्या वऱ्हाडातच, ऋद्धिपुरास, म्हाइंभटाने जे लीळाचरित्र सिद्ध केले त्यात काय आहे? गुजरातेतला हरिपाळदेव द्यूतात हरला, देणे फेडण्यासाठी त्याने पत्नीकडे अलंकार मागितले, तिने ते नाकारले, आणि त्या एका नकाराने संसारातून उठून तो रामटेकाच्या वाटेला लागला."

"आणि त्यातून आपल्याला चक्रधरस्वामी लाभले," नानासाहेब शांतपणे म्हणाले. "तेव्हा त्या द्यूताचे परिणाम सरसकट अनिष्टच झाले असे म्हणता येत नाही. पण ते राहू द्या. गुरुजी, आपली हरकत मी नोंदवून घेतली; मात्र आपण दावा लावला आहे तो चुकीच्या गटनंबरावर. हरिपाळदेव बुडाला तो पैजेपायी, पटापायी नव्हे. माझ्या या माडीवर आजवर एक दमडीही लागलेली नाही. पैज आणि खेळ यांतला भेद राज्यकर्त्यांनी नेहमीच ओळखला आहे. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळण्याची जागा एका ठिकाणी ठरवून दिली आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच सरकारजमा करण्याची तजवीज केली. म्हणजे त्याला सोंगट्यांचे वावडे नव्हते, बेहिशेबीपणाचे होते. मुंबई इलाख्याचा १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदा घ्या. त्याचे तेरावे कलम स्वच्छ सांगते की, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. सरकारने ज्याला मोकळीक दिली त्यावर आपण जप्ती आणता, हा न्याय कोणता?"

येथे मला एक गोष्ट बोलावीशी वाटली होती, पण दोन ज्येष्ठांच्या मध्ये तोंड घालण्याचा धीर झाला नाही, म्हणून ती येथे लिहितो. गुरुजींनी दिलेली सर्व अवतरणे खरी; तथापि परंपरेची दुसरी बाजू त्यांनी सोयीस्करपणे मागे ठेवली होती. बलिप्रतिपदेचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. वेरूळच्या एकापेक्षा अधिक लेण्यांत शिवपार्वती सोंगट्या खेळताना कोरलेली आहेत, आणि रामेश्वर लेण्यातले ते दांपत्य पाहणाऱ्याला खेळामुळे घर मोडते असे क्षणभरही वाटत नाही. वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये द्यूतविशेष आणि आकर्षक्रीडा यांची गणना केली आहे, आणि त्याच ग्रंथात ज्या वत्सगुल्माचा उल्लेख येतो ते वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अर्थात कामसूत्राचा दाखला गुरुजींनी त्या माडीवर कितपत मान्य केला असता हा प्रश्नच आहे.

गुरुजींनी पवित्रा बदलला. "बरे, पैजेचा मुद्दा सोडतो. पण ज्यात दैव हाच कर्ता आहे अशा व्यापारात विवेकी मनुष्याने बुद्धी कशासाठी खर्चावी?"

"दैव कर्ता नाही, दैव फक्त कच्चा माल पुरवते." नानासाहेबांनी कपाटातून तो कापडी सारीपाट काढून पसरला. चार फाट्यांवर मिळून शहाण्णव घरे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. "दान काय पडावे हे माझ्या हाती नाही, कबूल. पण त्या दानावर कोणती सोंगटी पुढे काढावी, कोणती जोडीने ठेवावी, पुढच्याची सोंगटी मारण्याचा मोह आवरून आपली आधी पिकवावी की काय, हे सारे माझ्या हातचे आहे. दोन फाशांची छत्तीस प्रकारची दाने पडू शकतात; त्यांपैकी सहांची बेरीज सात होते आणि एकाचीच दोन. ज्याला हे ठाऊक आहे तो दैवाशी भांडत नाही, दैवाचा अंदाजपत्रकात समावेश करतो. मृगाच्या पावसावर सोयाबीन पेरणारा आपला शेतकरी याहून निराळे काय करतो?"

"मग ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरा ज्याचे श्रेय मांडते तो मोक्षपट घ्या ना!" गुरुजी उत्साहाने म्हणाले. "सद्गुणाच्या शिडीने वर, दुर्गुणाच्या सर्पाने खाली. आपल्याच तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून जैन यात्रेकरू येतात. त्यांच्यात ज्ञानबाजी नावाचा असाच पट पर्युषणात खेळण्याची जुनी चाल आहे. कर्म, बंध, मोक्ष यांचे सारे शास्त्र त्यातल्या घरांत मांडलेले असते. खेळायचेच तर असे काही खेळावे, ज्याने चित्तशुद्धी होईल."

नानासाहेबांनी यावर जे उत्तर दिले ते ऐकून मीही दचकलो. "गुरुजी, मोक्षपटाविषयी मला आदर आहे, पण त्याला मी खेळ म्हणणार नाही. त्यात खेळणाऱ्याला करण्यासारखे काहीच नसते. कवड्या टाकायच्या आणि जेथे नेतील तेथे जायचे. निर्णय नाही, म्हणून चूक नाही, आणि चूक नाही म्हणून शिकणे नाही. तो उपदेश आहे, उत्तम उपदेश आहे. पण कीर्तन ऐकणे निराळे आणि स्वतः चाल करणे निराळे. इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास त्याची सापशिडी केली तेव्हा हळूहळू उपदेश गळून पडला आणि साप तेवढे उरले. त्या पटाला खेळ म्हणून स्वतःचे बळ असते तर असे झाले नसते."

गुरुजींना हे लागले असावे, कारण ते काही काळ नुसते पावसाकडे पाहत राहिले. मला विचाराल तर नानासाहेबांचे म्हणणे अर्धेच खरे आहे; पाच वर्षांच्या मुलाला आजीच्या बरोबरीने जिंकण्याची संधी देणारा दुसरा पट मी पाहिलेला नाही, आणि ती बरोबरी नेमकी निर्णयाच्या अभावातूनच येते. कुटुंबात बसून खेळण्याचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

कुटुंबाचा विषय निघाला तो 'व्यापार'च्या डब्यावरून. गुरुजींचे बोट त्याकडे वळले. "हा पहा आपला कौटुंबिक खेळ! आठ वर्षांची पोर बापाकडून भाडे वसूल करते, भाऊ बहिणीचे घर गहाण पडलेले पाहून टाळ्या वाजवितो. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या घरी हा डाव मांडला होता. दोन नातवंडे रुसून उपाशी झोपली. ही संस्कृती आपल्याला हवी आहे?"

हा प्रश्न कोणी तरी विचारावा म्हणून नानासाहेब जणू वर्षानुवर्षे वाट पाहत होते. महसूल खात्यात केस पांढरे झालेल्या माणसाच्या हाती त्याच्याच विषयाची सनद दिल्यासारखे झाले. ते सांगू लागले की या खेळाचे मूळ ज्या अमेरिकन 'मोनॉपली'त आहे तिचेही मूळ आणखी मागे, इलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली पेटंट मिळविलेल्या 'जमीनदाराच्या खेळा'त आहे. आणि ही बाई हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाची अनुयायी होती, ज्याचे म्हणणे असे की जमीन कोणी निर्माण केलेली नसल्यामुळे तिच्यापासून मिळणारा खंड हा समाजाचा आहे आणि सरकारने इतर सर्व कर उठवून तेवढ्या एकावरच भागवावे. एकाच्या हाती सर्व जमीन गेली म्हणजे बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना प्रत्यक्ष खेळून कळावे एवढ्यासाठी तिने तो पट रचला आणि त्याला नियमांचे दोन संच जोडले, एक मक्तेदारीचा आणि दुसरा सर्वांच्या उत्कर्षाचा. पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने तिचे पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतले, आणि जगाच्या हाती आला तो एकट्या मक्तेदारीचा पट.

"म्हणजे आपल्या नातवंडांना जो संताप आला," नानासाहेब म्हणाले, "तोच त्या बाईला अपेक्षित होता. नातवंडे रुसली ती खेळ कळला म्हणून रुसली. रयतवारीची आणि जहागिरीची जमाबंदी मी पुस्तकांत वाचली, दप्तरांत पाहिली. पण जमीन हातची गेलेल्या कुळाला काय वाटत असेल हे मला कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नाही. या खोक्याने सांगितले."

"तरी पण मुले उपाशी झोपली," गुरुजी म्हणाले.

"तो दोष मला मान्य आहे, आणि तो नीतीचा नसून रचनेचा आहे. ज्या खेळात हरलेला मनुष्य तासभर आधी बाहेर पडून इतरांची मौज पाहत बसतो, तो घरच्या माणसांसाठी वाईट खेळ. जर्मनीत हे फार पूर्वी ओळखले गेले. तेथे १९७९ पासून वर्षातल्या उत्तम खेळाला पारितोषिक देतात. १९९५ चे पारितोषिक ज्या 'कटान'ला मिळाले तो क्लाउस टॉयबर या दंततंत्रज्ञाने रचला. त्यात बेटावर वस्ती करायची, विटा, लाकूड, लोकर, धान्य आणि खनिज यांची देवघेव करायची. कोणी बाद होत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येकाची पाळी येते, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याची पाळी चालू असतानाही आपल्याला बोलायला काम असते, कारण विटांच्या बदल्यात लोकर देतोस का, हे विचारल्यावाचून कोणाचे पान हलत नाही. माझी सूनबाई एरवी माझ्याशी 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे बोलत नाही. पटावर ती माझ्याशी हुज्जत घालते. एका मेंढीला दोन विटा मागते! चार वर्षांच्या अदबीने जे झाले नाही ते एका रविवारी झाले."

गुरुजी हसले, पण ते हटणारे नव्हते. "घरच्या माणसांत बसून घटकाभर मन रमविणे, इतपत मी क्षम्य मानतो. माझा खरा आक्षेप रात्रीच्या त्या एकांतातल्या पटावर आहे. खेळ हा द्वितीयाची अपेक्षा ठेवतो. एकट्याने पट मांडणे म्हणजे एकट्यानेच पंगत मांडून स्वतःला आग्रह करकरून वाढण्यासारखे आहे. त्यात प्रतिस्पर्धी नाही, साक्षी नाही, आणि साक्षी नाही तेथे नियम कशाच्या आधारावर उभा राहणार?"

खरा वाद आता सुरू झाला असे मला वाटले, कारण नानासाहेब उत्तर देण्यापूर्वी प्रथमच थांबले. मग त्यांनी एक खोका उघडून पट मांडला. जगाचा नकाशा, त्यावर चार रंगांचे लहान ठोकळे. मॅट लीकॉक यांनी रचलेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला 'पँडेमिक'. यात खेळणारे एकमेकांविरुद्ध लढत नाहीत. सर्वांनी मिळून चार साथींवर औषधे शोधायची. जिंकण्याची वाट एकच, हरण्याच्या तीन: आठ वेळा उद्रेक झाला, एखाद्या रंगाचे ठोकळे संपले किंवा पत्त्यांचा गठ्ठा संपला, की डाव गेला. नियमपत्रिकेत खेळणारे दोन ते चार सांगितले आहेत. नानासाहेब दोन पात्रे आपणच चालवितात. दुसरा एक खोका पक्ष्यांचा होता, 'विंगस्पॅन', इलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा, २०१९ चा. त्यात एकट्या खेळणाऱ्यासाठी पत्त्यांचा एक निराळा जोड असतो आणि ते पत्ते उलटीत गेले की तो निर्जीव प्रतिस्पर्धी आपोआप आपल्या चाली करतो. नानासाहेबांची त्याविरुद्ध एकच तक्रार होती, ती म्हणजे मूळ संचातले पक्षी सारे उत्तर अमेरिकेचे. २०२२ साली आशियाई पक्ष्यांचा संच निघाला तेव्हा त्यांनी चिरंजीवांना तातडीने पत्र टाकले.

"साक्षी नाही म्हणता," ते म्हणाले. "खरे आहे. रात्री पत्ता उलटावा, तो प्रतिकूल निघावा, आणि तो गुपचूप खाली सरकवून दुसरा घेण्यास मला जगात कोणाचीही आडकाठी नसावी, अशी अवस्था रोज येते. दहाजणांत रडीचा डाव खेळलो तर मी दहाजणांना फसविले; येथे फसविणारा मी आणि फसणाराही मीच. पहिल्या महिन्यात दोन-तीनदा पत्ता सरकविला. डाव जिंकलो, आणि लगेच पट गुंडाळून टाकावासा वाटला. त्या जिंकण्यात काही जीवच नव्हता. नियम साक्षीदारामुळे उभा राहत नाही, गुरुजी. मला जिंकण्यात गोडी हवी असेल तर नियम पाळण्यावाचून गत्यंतर नाही, एवढ्यावरच तो उभा राहतो."

"मग एखादा ग्रंथ वाचावा. मनन करावे."

"ग्रंथ मी वाचतो. पण ग्रंथ मला हरवीत नाही. आपल्याला सांगतो, कचेरीत मी पस्तीस वर्षे काढली. वारसाचे अर्ज, फेरफाराच्या हरकती, बांधाचे तंटे. अर्ज घ्यायचा, नोटीस काढायची, तारीख द्यायची, तहकूब. साहेबांची बदली झाली, तहकूब. वरच्या कचेरीत अपील, तहकूब. ज्या प्रकरणाची पहिली नोंद मी माझ्या हस्ताक्षरात केली त्याचा अखेरचा निकाल काय लागला, हे मला शंभरांपैकी दहाही प्रकरणांत कळले नाही. आपण मुलाला शिकविले, तो परीक्षेत उतरला की पडला हे आपल्याला जूनमध्ये समजत असे. मी जे जे केले ते बरोबर केले की चूक, हे सांगायला कोणी आलेच नाही. आता रात्री नऊला पट मांडतो. साडेदहापर्यंत निकाल लागतो. हरलो तर कोठे हरलो ते दिसते: तिसऱ्या फेरीत मी पूर्वेकडची साथ आधी आवरायला हवी होती, ती नाही आवरली. अपील नाही, तहकुबी नाही. उद्या पुन्हा मांडू. याला आपण व्यसन म्हणा. मला तर हा माझ्या नोकरीचा थकलेला पगार वाटतो."

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग जे बोलले ते मला त्या दुपारच्या साऱ्या संभाषणात सर्वांत विचार करण्याजोगे वाटले. "नेमके हेच मला भय आहे, नानासाहेब. आपण निकालाची वाट पाहून थकलेले गृहस्थ आहात, म्हणून आपल्याला तो गोड लागतो. पण आपली नात? तिला दीड तासात निकाल मिळण्याची सवय लागली, तर पुढे ज्या गोष्टींचा निकाल तीस वर्षे लागत नाही, विद्या, विवाह, मुलांचे संगोपन, त्यांत ती धीर कोठून आणणार? मी शिकविलेला मुलगा पास झाला हे मला जूनमध्ये कळत असे हे खरे. पण त्याला संस्कृत आले की नाही, हे मला अजून कळायचे आहे."

यावर नानासाहेबांजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्याजवळही नाही. त्यांनी मात्र कारकुनाच्या चिकाटीने जुने दप्तर उघडले. "गुरुजी, नववीच्या वर्गात आपण आम्हाला रुद्रटाच्या काव्यालंकारातला तुरगपदबंध फळ्यावर काढून दाखविला होता. घोड्याच्या अडीच घरांच्या उड्या घेत गेले की तोच श्लोक पुन्हा वाचता येतो, नवव्या शतकातला. मग नीलकंठभट्टाचे नाव आपणच सांगितले, पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातला, सतराव्या शतकातला. त्याच्या भगवंतभास्करात घोडा सर्व पटावर फिरवून पुन्हा पहिल्या घराशी आणून ठेवण्याची रीत आहे. आणि हे सांगून आपण म्हणालात की, मी रात्री कंदिलाच्या उजेडात चौसष्ट घरे आखून महिनाभर घोडा फिरविला तेव्हा मला ते साधले. ते आपण कोणाबरोबर खेळत होता?"

"ते अध्ययन होते," गुरुजी म्हणाले. परंतु त्यांच्या मुद्रेवर जे हसू फुटले त्याला अध्ययन म्हणता आले नसते.

इतक्यात खालून काकूंचा आवाज आला, "भांडण झालं असन तं चहा घ्या जी, थंडा होऊन रायला." चहाबरोबर नातही वर आली. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून तिच्या शाळेत बुद्धिबळाचे वेड संचारले आहे. तिने सोंगट्यांचा पट बाजूला सारून बुद्धिबळाचा पट मांडला आणि गुरुजींना म्हणाली, "गुरुजीआजोबा, एक डाव?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "मी जुन्या पद्धतीने खेळतो हो. प्याद्याने पहिल्या चालीला एकच घर जायचे. राजाने, शह बसला नसेल तर, एकदा घोड्याची उडी घ्यायची. किल्लेकोट वगैरे नाही."

"पण स्पर्धेत असं नसतं!"

"दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला तिरुवेंगडाचार्य म्हणून एक शास्त्री होते. त्यांनी संस्कृतात बुद्धिबळावर विलासमणिमंजरी लिहिली आणि १८१४ साली मुंबईत तिचे इंग्रजी भाषांतरही छापले गेले. म्हणजे तुझ्या स्पर्धेपूर्वीही लोक विचार करून खेळत होते, बाळ."

"थांबा," नानासाहेब मध्ये पडले. "डाव सुरू होण्यापूर्वी नियम कागदावर यायला हवेत, नाहीतर मागाहून तंटा होईल." आणि त्यांनी खरोखरच वही ओढून मुद्दे लिहायला घेतले. प्याद्याच्या दोन घरांचा मुद्दा नातीच्या बाजूने सुटला, राजाच्या उडीचा गुरुजींच्या. शेवटी गुरुजींनी विचारले की, एका बाजूचा राजाच तेवढा उरला आणि बाकी सारी मोहरी मारली गेली, म्हणजे बुर्जी झाली, तर आमच्या लहानपणी तो पुरता विजय धरीत नसत. येथे काय धरायचे? नात म्हणाली, तेव्हाही मात करेपर्यंत खेळायचे. गुरुजी म्हणाले, निराधार राजाला पटभर पिटाळणे हे क्षात्रधर्मास शोभत नाही. दोघांनी नानासाहेबांकडे पाहिले.

नानासाहेबांनी पेन्सिल कानावर खोचली, वही मिटली आणि म्हणाले, "तेवढा मुद्दा तहकूब ठेवा."